डाख राहिलेला सांधा

"दोन शनिवार-रविवार," सिरिल बॅरक्लफने क्लबात सगळ्यांसमोर जाहीर केलं. "फार तर तीन. पाइप म्हणजे आहे काय, एक नळी दुसऱ्या नळीत बसवायची. लोक उगाच बाऊ करतात."

हे तो बोलला मार्चमध्ये. साल १९७८. नोव्हेंबर उजाडला तेव्हा टॉडमर्डन गावातल्या त्या दगडी घरांच्या ओळीत एकट्या सिरिलच्या घरात जमिनीच्या फळ्या उखडलेल्या होत्या, आणि एका खोलीतून दुसऱ्या खोलीत जायचं तर उघड्या तुळयांवरून डोंबाऱ्यासारखं तोल सावरत जावं लागत होतं.

त्याने हे हौसेने मांडलेलं नव्हतं. जानेवारीत त्याच्या बायकोची, एडनाची, छाती भरली. डॉक्टर आले, अंगातला कोट न काढता त्यांनी तिला तपासलं आणि म्हणाले, या घरात आणखी एक हिवाळा काढू नका. एडना बहिणीकडे, विनिफ्रेडकडे, मोरकॅमला गेली. विनिफ्रेडच्या घरात खोलीखोलीला गरम पाणी खेळवून खोली तापवणारे रेडिएटर होते आणि ही गोष्ट ती पोस्टमनलासुद्धा ऐकवायची. बसमध्ये चढताना एडना म्हणाली, "घर गरम झालं की कळव." सिरिलने हे वाक्य मनाशी घट्ट धरलं. गरम झालं की. म्हणजे त्याआधी नाही.

चाळीस वर्षं त्याने लोकरीच्या गिरणीत गाठींवर पत्ते लिहिले होते. पाइपशी त्याचा संबंध तंबाखू भरून ओढण्यापुरता. पण वाचनालयातून त्याने घरगुती नळकामाचं एक पुस्तक आणलं, बॉयलर, रेडिएटर आणि तांब्याच्या नळ्या आणल्या, सांध्यांना डाख लावायची बत्ती आणली आणि कामाला लागला. पहिल्या महिन्यात त्याने एक पडदा, खिडकीची चौकट आणि स्वतःची डावी भुवई जाळली. पुस्तकाची मुदत वाढवायला तो इतक्यांदा गेला, की वाचनालयातल्या बाई पुस्तकाकडे न बघताच शिक्का मारू लागल्या.

रोज संध्याकाळी सातला मोरकॅमहून फोन यायचा. कुठवर आलं, असं एडना विचारायची. होत आलं, असं सिरिल सांगायचा. जेवलास का? हो, व्यवस्थित. व्यवस्थित म्हणजे डब्यातले वाटाणे, डब्यातूनच, उभ्याने. तिकडून विनिफ्रेडचा टीव्ही ऐकू यायचा. फोन ठेवल्यावर सिरिल थोडा वेळ रिसीव्हरवर हात ठेवून तसाच उभा राहायचा. दिवसभरात बोलायला दुसरं कोणी नसल्याने तो पाइपांशी बोलू लागला होता. "आता तुला वाकवतो हं," असं सांगून वाकवायचा. कधीकधी माफीही मागायचा.

शेजारी नेली सगडनबाई राहत. वय अठ्ठ्याहत्तर, नवरा जाऊन बरीच वर्षं झालेली, कानाने कमी ऐकू येई. दोन्ही घरांत एकच भिंत. सिरिलने हातोडा मारला की पलीकडून केरसुणीच्या दांड्याचे ठोके यायचे. तक्रार आहे हे त्याला कळत होतं. तो हळू ठोकायचा, तर बाई आणखी जोरात ठोकायच्या. सात महिने हे चाललं होतं. शरमेने तो त्यांना तोंड दाखवत नसे. त्या पायरीवर दूध घ्यायला आल्या, की हा पडद्याआड उभा राहून त्या आत जायची वाट बघायचा.

अखेर एका शनिवारी काम संपलं. चौऱ्याऐंशी सांधे. सिरिलने दाढी केली, कशासाठी ते त्यालाही माहीत नव्हतं, आणि बरोबर दीड वाजता तळघरातला पाण्याचा मुख्य कॉक उघडला. माळ्यावरची टाकी भरली, पाणी नळ्यांमधून गुळगुळ करत उतरलं. तो वरखाली फिरून एकेक सांधा चाचपू लागला. कोरडा. कोरडा. संध्याकाळी सातला काय सांगायचं ते वाक्य त्याने जिन्यातच तयार केलं.

मग मागच्या झोपायच्या खोलीत फुसफुस ऐकू आली. तुळयांच्या मधोमध एक एल्बो, म्हणजे नळी वळवणारा सांधा होता, त्याने बसवलेला, नीट पुसलेला, आणि डाख लावायचा साफ विसरलेला. सिरिल गुडघ्यांवर पडला आणि त्याने तो मुठीत आवळला. पाणी थांबलं. हात जरा सैल केला, पाणी सुरू. पुन्हा आवळला, थांबलं.

खाली बैठकीची खोली होती. तिच्या छताला एडनाने स्वतः, शिडीवर चढून, लग्नाच्या पंचविसाव्या वाढदिवसाला शोभेचा कागद लावला होता. कॉक दोन मजले खाली, तळघरात, तोही इतका घट्ट की पान्याने दोन हातांनी फिरवावा लागे. टाकी रिकामी होईल म्हणावं, तर ती आपोआप भरणारी. त्याने खिशातला रुमाल काढून सांध्याभोवती बांधला. रुमाल शांतपणे भिजला आणि पाणी पूर्वीसारखंच येत राहिलं.

काम अगदी साधं होतं. एकाने इथे धरायचं, दुसऱ्याने खाली जाऊन कॉक बंद करायचा. घरात दुसरं कोणी असतं, तर ते मिनिटभराचं काम होतं. सिरिलने तुळईवर गुडघा टेकून हिशेब केला, तेव्हा त्याच्या ध्यानात आलं की आज सातच्या फोनपर्यंत या जगात कोणीही त्याची वाट बघणार नव्हतं.

तीनच्या सुमारास दारावर थाप पडली. सिरिलने जिवाच्या आकांताने हाक मारली, "वाचवा मला! कोणीतरी वाचवा!" मग पत्रपेटीच्या फटीतून एका बाईचा गोड आवाज आला. ती म्हणाली की लोकांचे आत्मे वाचवायलाच ती आणि तिची सोबतीण घरोघर फिरतात, आणि इतक्या मोकळ्या मनाने मागणारा माणूस त्यांना आजवर भेटला नव्हता. त्यांनी दाराबाहेर उभ्याने त्याच्यासाठी प्रार्थना केली, बुधवारच्या प्रार्थनासभेचा कागद आत सरकवला आणि आनंदात निघून गेल्या.

मग त्याने मोकळ्या हाताने पाना उचलला आणि हात लांबवून सामाईक भिंतीवर तीन ठोके दिले. पलीकडून लगेच तीन ठोके आले. सिरिलच्या जिवात जीव आला. त्याने पाच दिले, पाच आले. सैन्यात शिकलेला मदतीचा इशारा त्याला आठवला: तीन छोटे, तीन लांब, तीन छोटे. बाईंनी तो हुबेहूब परत केला, वर शेवटी स्वतःचे दोन ठोके जोडले. आणि कोणीही आलं नाही. बाहेर अंधारलं, खोलीत अंधारलं, दिव्याचं बटण दारापाशी. हात बधिर झाला की तो दुसऱ्या हाताने धरायचा. मधूनमधून ठोकायचा. उत्तर दर वेळी यायचं. त्या अंधारात ते उत्तर येणंच त्याला बरं वाटू लागलं, मदत येवो न येवो.

सातला फोन वाजला. सिरिलने घंटा मोजल्या. तीस. थांबला. पुन्हा वाजला, पुन्हा तीस. मग भिंतीपलीकडे नेलीबाईंचा फोन वाजला. कमी ऐकणाऱ्या माणसाच्या मोठ्या आवाजात बाई बोलल्या, खो-खो हसल्या, आणि फोन ठेवला. एडनाच असणार. आता येतील, म्हणून सिरिल कान देऊन बसला. पलीकडे बाईंनी टीव्ही लावला.

मग त्याचा फोन तिसऱ्यांदा वाजू लागला. या खेपेला बाराव्या घंटेपर्यंत त्याने दम धरला. हा थांबला तर पुन्हा वाजणार नाही, असं त्याला का वाटलं कोण जाणे. त्याने छताचा विचार केला, कागदाचा विचार केला, आणि सांधा सोडून खाली बैठकीच्या खोलीतला फोन गाठला.

"मी बोलतोय," तो धापा टाकत म्हणाला.

एडनाचा आवाज विनिफ्रेडच्या आवाजासारखा ताठ येत होता. "नेलीशी बोलले. आज तुझा नवरा खुशीत आहे म्हणाली. दुपारपासून गप्पा चालल्यात म्हणे भिंतीवरून. रोजच चालतात, पण आज चार तास."

"गप्पा?"

"तिला वाटतं तू तिची विचारपूस करतोस. फार बरं वाटतं म्हणाली. मी इथे सातची वाट बघत असते, आणि तू भिंतीशी बोलतोस. मुद्दाम वेळ लावतोयस ते मला मे महिन्यातच कळलं होतं. एकट्याला बरं वाटत असेल तर तसं सांग सिरिल. मी राहीन इथे."

तेवढ्यात छताच्या कागदाला मध्यभागी पोट आलं, ते फुटलं आणि बादलीभर पाणी त्याच्या डोक्यावर पडलं.

"तो आवाज कसला?"

"पाणी."

"पाऊस पडतोय का?"

"हो."

"घरात?"

"हो," तो म्हणाला. "एक सांधा राहिला होता. दीड वाजल्यापासून धरून बसलो होतो. धरायला दुसरं कोणी नव्हतं, एडना."

ती म्हणाली, "आधी जाऊन कॉक बंद कर. मी फोन धरते."

तो तळघरात गेला, पाना लावून कॉक फिरवला, चिंब अंगाने वर आला. ती फोन धरून होती.

"सोमवारच्या बसने येते," ती म्हणाली.

"घर अजून गारच आहे."

"मी विचारलं का?"

सोमवारी ती आली. छताकडे तिने एकदा पाहिलं आणि सिरिलकडे बराच वेळ. बारीक झालास, एवढंच म्हणाली. मग नेलीबाईंकडे केक घेऊन गेली, आणि परतताना नळकाम करणाऱ्या माणसाला सांगून आली. त्याने दहा मिनिटांत डाख लावली. बाकीचे सांधे तो तासभर तपासत राहिला, चूक सापडेना म्हणून जरा खट्टूही झाला. मग बॉयलर पेटवला आणि संध्याकाळपर्यंत घर तापलं. सगळ्या खोल्या, अगदी जिनासुद्धा.

आणि घर इतकं छान तापलं, की एडना विणकाम घेऊन पुढच्या खोलीत टीव्हीसमोर बसू लागली आणि सिरिल स्वयंपाकघरात पेपर घेऊन. कोणाला कशासाठी उठायचं कारणच उरलं नाही. पेपर वाचता वाचता तो मधेच मान वर करायचा. समोर रिकामी खुर्ची. आठ महिने ज्या माणसासाठी घर गरम केलं, ते माणूस दोन दारांपलीकडे सुखात होतं. तक्रार करायला जागा नव्हती.

दुसऱ्या आठवड्यात एकदा एडना चहा ओतत असताना सिरिल हळूच पुढच्या खोलीत गेला, खिडकीखाली वाकला आणि रेडिएटरची चावी पूर्ण बंद करून आला.

तासाभराने एडना लोकरीचा गुंडा काखेत धरून स्वयंपाकघरात आली. खुर्ची ओढून त्याच्या शेजारी बसली.

"पुढची खोली गार पडली."

"पाइपात हवा धरली असेल," सिरिल पेपरमागून म्हणाला. "बघतो उद्या."

एडनाने मान वर न करता टाके मोजले, सुया फिरवल्या.

"घाई नाही," ती म्हणाली. "तुझ्या हाताला किती वेळ लागतो ते मला ठाऊक आहे. उन्हाळ्यापर्यंत झालं तरी चालेल."