सासऱ्यांच्या फोनचं कॅलिब्रेशन

कॅलिब्रेशन म्हणजे काय, हे मला कुणी शिकवू नये! एकवीस वर्षं मी तेच करतोय. दुकानांतले तराजू, दवाखान्यांतले बाळांचे वजनकाटे, सगळे तपासणीसाठी आमच्या प्रयोगशाळेत येतात. त्यांच्यावर मी प्रमाणित वजनं ठेवतो, काटा किती खोटं बोलतोय ते पाहतो आणि त्याला खरं बोलायला लावतो. वजनाला कुणी उघड्या बोटांनी हात लावला तर माझा जीव वरखाली होतो. बोटाच्या घामालाही वजन असतं हो! अशा माणसाला एक मोबाइल काय जड?

मोबाइल माझ्या सासऱ्यांचा. बाबा आमच्याकडेच राहतात. पाच वर्षांचा त्यांचा फोन चाळीस टक्के दाखवता दाखवता अचानक मान टाकायचा. भर सभेत वक्त्याला झोप लागावी तसा!

"बाबा, याला कॅलिब्रेशन हवं," मी निदान केलं. "पूर्ण उतरवायचा, बंद पडला की सहा तास हात लावायचा नाही, मग एका दमात शंभरापर्यंत चार्ज करायचा. बॅटरी पुन्हा तरुण!"

"असं होतं?" बाबांनी विचारलं.

"म्हणजे काय! माझा धंदाच आहे तो."

मी हे एका व्हिडिओत पाहिलं होतं. पण ते सांगायची काय गरज होती?

रविवारी सकाळी सातला मी कामाला लागलो. बाबांना धीर यावा म्हणून माझाही फोन सोबत घेतला. दोन्ही फोनचा उजेड पूर्ण, टॉर्च चालू, वर आगगाड्यांचे व्हिडिओ. आमची ही इस्पितळात एक्स-रे काढते. तिची सकाळची पाळी होती, त्यामुळे घरात मला वेड्यात काढणारं कुणी नव्हतं.

"नऊ वाजता मला फोन लागतो," बाबा म्हणाले.

"कशाला?"

"लागतो."

"एक दिवस बातम्या नाही पाहिल्या तर जग थांबणार नाही, बाबा!"

साडेआठला दोन्ही फोन पाठोपाठ बंद पडले आणि मी दोन्ही चार्जर खिशात घातले. शिस्त म्हणजे शिस्त!

पावणेनऊपासून बाबांच्या फेऱ्या सुरू झाल्या. गॅलरी, घड्याळ, फोन. पुन्हा गॅलरी. नऊ वाजून पाच मिनिटांनी ते म्हणाले, "दोनच मिनिटं चालू करा."

"मध्येच चालू केला तर सगळं मुसळ केरात!"

"मग शेजारून एक फोन करून येतो."

"जा की! नंबर पाठ आहे?"

नंबर त्या मेलेल्या फोनमध्येच होता. बाबा खुर्चीत बसले आणि खिडकीकडे बघत राहिले. मी त्यांना फोनचं व्यसन या विषयावर वीस मिनिटं सुनावलं. आज ते आठवलं की कुठे तोंड लपवू असं होतं. समोरचा माणूस काहीतरी सांगता सांगता अडखळतोय, हे मला कळायला हवं होतं. अर्ध्या ग्रॅमचा फरक मला दिसतो. पण हे नाही दिसलं.

दहाच्या सुमारास मी अंघोळीला गेलो. सदरा बाहेर खुंटीला, आणि चार्जर सदऱ्याच्या खिशात. बाबांना तेवढंच हवं होतं. ते चार्जर काढून मागच्या खोलीत गेले आणि त्यांनी दार लावून घेतलं. दार लागलं की त्यांना बँड वाजला तरी ऐकू येत नाही.

सकाळी इकडे माझं व्यसनावरचं भाषण चालू असताना शहराच्या दुसऱ्या टोकाला काय चाललं होतं, ते मला नंतर कळलं. बाबांची थोरली बहीण तिथे एकटी राहते. आम्ही तिला आत्या म्हणतो. बहीणभावांत चार वर्षं अबोला. बाबांनी त्यांच्या आईचं शिलाई मशीन आत्यांना न विचारता विकून टाकलं, हे कारण. तेव्हापासून आत्या घराची पायरी चढल्या नव्हत्या. तर या आत्यांनी त्या सकाळी बाबांना फोन लावला. बंद. मला लावला. बंद! आमच्या हिला चौदा वेळा लावला, पण तिचा फोन लॉकरमध्ये. आत्यांनी जे समजायचं ते समजून घेतलं, चप्पल घातली आणि वाटेत एका कुलूपवाल्याला रिक्षात घालून थेट आमच्या दारात!

बेल कुणी ऐकली नाही. मी ऐकलं ते ड्रिलचं घरघरणं. टॉवेल गुंडाळून, एका कानात साबण, असा बाहेर धावलो आणि माझ्यासमोर आमचं दार उघडलं. दारात कुलूपवाला. त्याच्यामागे आत्या, पांढऱ्याफटक!

"नऊ वाजून गेले तरी रिंग नाही," आत्या कशाबशा म्हणाल्या. "काय झालं त्याला?"

मला वाटलं, फोनबद्दलच विचारताहेत. रिंग म्हटल्यावर दुसरं काय वाटणार?

"साडेआठला बंद पडला," मी म्हणालो.

आत्यांनी चौकट धरली. "जवळ कुणी होतं?"

"मी होतो ना! मीच तर मुद्दाम..."

"मुद्दाम?" कुलूपवाल्याचा पाना हातातच राहिला.

"हळूहळू उतरवत नेला. एकदम नाही करायचं. शेवटी जरा थरथरला आणि गेला!" मी कौतुकानं म्हणालो. "काळजी करू नका, आत्या. अडीचपर्यंत हात लावायचा नाही, मग परत जिवंत करतो."

आत्या मटकन खाली बसल्या. कुलूपवाल्यानं दोन पावलं मागे सरून जिन्याकडे पाहिलं. पळायचं की मला धरायचं, हे त्याचं ठरत नव्हतं.

तेवढ्यात मागच्या खोलीचं दार उघडलं. बाबा बाहेर आले. हातात फोन, फोनला लोंबणारी वायर. "चालूच होत नाही हो हा," असं म्हणत त्यांनी मान वर केली आणि ते जागीच थबकले.

"ताई?"

"मेल्या!" आत्या ओरडल्या. "जिवंत आहेस?"

मग त्या रडायलाच लागल्या. बाबा त्यांच्याजवळ खाली बसले. दुखऱ्या गुडघ्यांमुळे त्यांनी जमिनीवर बसणं केव्हाच सोडलं होतं. मी मध्ये टॉवेल धरून उभा! अशा वेळी काय बोलावं, हे कुणी शिकवत नाही.

हळूहळू उलगडलं. रोज सकाळी नऊला बाबा आत्यांना फोन लावत, दोन रिंग वाजू देत आणि कापत. मग आत्या दोन रिंग देत आणि कापत. म्हणजे, मी आहे. तू आहेस. झालं! चार वर्षांत एक शब्द नाही, पण एक दिवस खाडा नाही. आजारपणातसुद्धा नाही. आणि हे आमच्या घरात कुणालाही ठाऊक नव्हतं.

"सांगायचं की हो मला, बाबा!" मी म्हणालो.

"काय सांगणार? बोलत नाही त्या बहिणीला रोज फोन करतो म्हणून?"

मी टॉवेलाची गाठ घट्ट केली.

"आता आलेच आहे तर सांग," आत्या डोळे पुसत म्हणाल्या. "आईचं मशीन का विकलंस?"

बाबा वायर बोटाला गुंडाळू लागले. "विकलं नाही गं. दुरुस्तीला दिलं होतं. तुझ्या वाढदिवसाला चालू करून द्यायचं होतं. तो दुकानदार दुकान आवरून निघून गेला, मशीनसकट. फसलो हे सांगायची लाज वाटली. म्हणून विकलं म्हणालो."

"एवढंच?"

"एवढंच."

आत्यांनी त्यांच्या पाठीत एक धपाटा घातला. चांगला सणसणीत! मग हात तिथेच राहू दिला.

एवढ्यात जिन्यात धाडधाड पावलं वाजली. आमची ही! मधल्या सुट्टीत तिनं आत्यांचे चौदा कॉल पाहिले, मला आणि बाबांना फोन लावले, आणि दोन्ही बंद लागल्यावर ती इस्पितळातून निघाली ती रुग्णवाहिका, स्ट्रेचर आणि दोन माणसं घेऊनच! उघडं दार, खाली बसलेले बाबा, रडणाऱ्या आत्या आणि टॉवेलातला मी, एवढं तिनं एका नजरेत टिपलं.

"अहो, काय केलंत तुम्ही?" तिनं विचारलं. काय झालं, असं नाही. काय केलंत!

मी कपडे घातले आणि सगळ्यांसाठी चहा टाकला. स्ट्रेचरवाल्यांनी स्ट्रेचरवर बसूनच घेतला. माझ्या कॅलिब्रेशनची आणि धंद्याची हकीकत बाबांकडून ऐकत कुलूपवाला त्यांचा फोन हातात घेऊन निरखत होता. त्याच्या अर्ध्या दुकानात कुलपं आणि अर्ध्या दुकानात मोबाइल, असं निघालं.

"साहेब, कॅलिब्रेशननं बॅटरी सुधारत नाही," तो म्हणाला. "आकडा तेवढा सुधारतो, तोही सुधारला तर. उगाच शून्यापर्यंत उतरवत राहिलात तर उलट जास्त झिजते. ही म्हातारी झालीय. बदलून टाका."

माझ्या हातातला कप तसाच राहिला. काटा बरोबर लावला म्हणून पोत्यातली साखर वाढत नाही, हे मी एकवीस वर्षं दुकानदारांना सांगत आलोय. रोज! आणि स्वतःच्या घरात मी काटा फिरवून साखर वाढवायला निघालो होतो. चूक यंत्रातली असती तर मला पाच मिनिटांत सापडली असती. पण मला सगळं कळतं, या माझ्या समजुतीवर वजन ठेवून पाहायचं मला कधी सुचलंच नव्हतं.

"तुमचा हाच धंदा ना?" कुलूपवाल्यानं अगदी सहज विचारलं.

"साधारण तसाच," मी म्हणालो आणि कप विसळायला उठलो.

दुसऱ्या दिवशी बाबांच्या फोनला नवी बॅटरी बसवली. चांगली आहे. आता बहीणभाऊ रोज सकाळी दीड तास बोलतात. बाबांना कमी ऐकू येतं, म्हणून स्पीकर लावून. त्यातला सव्वा तास विषय मी असतो.