पाचव्या गोलाचे साक्षीदार

कोणत्याही खेळाला तीन गोष्टी लागतात : मैदान, चेंडू आणि बघणारे. पहिल्या दोन अनुदानातून मिळतात. तिसरीसाठी अनुदान नाही, म्हणून समिती नेमावी लागते.

जळगावच्या 'गिरणा युनायटेड' या फुटबॉल क्लबने अशी समिती नेमली तेव्हा घरच्या सामन्यांना सरासरी एक्केचाळीस प्रेक्षक येत होते. (यात पाहुण्या संघाच्या बसचा ड्रायव्हर, रुग्णवाहिकेचे दोन कर्मचारी आणि मेहरूण तलावावर फिरायला येऊन वाट चुकलेले एक निवृत्त गृहस्थ धरलेले आहेत. हे गृहस्थ पुढे नियमित वाट चुकू लागले.) लीगचा नियम स्पष्ट होता. हंगामाअखेर सरासरी हजाराच्या खाली राहिली, तर पुढच्या वर्षीपासून क्लबचे घरचे मैदान शेजारच्या जिल्ह्यात हलवले जाईल. शेजारचा जिल्हा म्हणजे धुळे. धुळ्याने तसा अर्ज केला होता आणि गोलपोस्टला रंगही देऊन ठेवला होता.

जळगावच्या माणसाचे फुटबॉलवाचून काही अडत नाही. पण ते धुळ्याला मिळणार म्हटल्यावर अडते. (धुळ्याच्या माणसाचेही असेच आहे. या बाबतीत दोन्ही जिल्ह्यांत पूर्ण एकमत आहे.)

अडचण आणखी एकाची होती. संघाचा पुढच्या फळीतला खेळाडू नवल पाटील याला पुण्याच्या एका कारखान्याच्या संघाने कळवले होते की, या हंगामात पाच गोल केले तर खेळाडूंच्या कोट्यातून कायम नोकरी. चार केले तर शुभेच्छा. नवलचे वय पुढच्या वर्षी त्या कोट्यात बसणार नव्हते. म्हणजे क्लबला हजार माणसे हवी होती आणि नवलला पाच गोल. हे दोन प्रश्न वेगवेगळे आहेत असे तेव्हा सर्वांना वाटले.

समितीचे अध्यक्ष मोहनलालजी यांची डाळमिल आहे, आणि सचिव प्रेमराजभाऊ यांचे पत्र्यांचे दुकान. दोघांनीही शास्त्रशुद्ध पद्धतीने काम सुरू केले. आधी रिक्षावर भोंगा लावून शहरभर घोषणा देण्यात आली. घंटागाडी आली असे समजून लोक कचऱ्याच्या बादल्या घेऊन दारात आले. मग प्रवेश मोफत करण्याचे ठरले. तो आधीच मोफत आहे असे लक्षात आल्यावर पहिल्या आठवड्यात तिकीट लावण्यात आले आणि दुसऱ्या आठवड्यात ते रद्द केल्याचे जाहीर करण्यात आले. सरासरी अडतीसवर आली.

तेव्हा थंडी पडली.

थंडी पडल्यावर जळगाव जिल्ह्यात माणूस माणसाला 'कसं काय' विचारत नाही. 'भरीत झालं का' असे विचारतो. शेतात पऱ्हाट्या, म्हणजे कपाशीच्या वाळल्या काड्या पेटवायच्या, त्यावर हिरवी लांबट वांगी भाजायची, लाकडी बडगीत मिरची-लसणाबरोबर ठेचायची, वरून कांद्याची पात, आणि ज्वारी-उडदाच्या कळण्याच्या पुऱ्यांबरोबर शंभर-दोनशे माणसांनी बसून खायची. याला निमित्त लागत नाही. प्रेमराजभाऊंच्या मनात एवढेच आले की, ज्याला निमित्त लागत नाही त्याला फुटबॉलचे निमित्त दिले तर कोणाची हरकत असणार?

भरीत करायला नवलचे वडील उखर्डू आबा यांना पारोळ्याकडून बोलावण्यात आले. आबांच्या भरिताला तालुक्यात मान आहे. मुलगा फुटबॉल खेळतो हे त्यांना माहीत होते, पण तो कधी मोठा होईल आणि सोडेल म्हणून ते थांबले होते.

पहिला मतभेद पंगतीवरून झाला. सर्वांनी मैदानाकडे तोंड करून ओळीत बसावे, अशी आखणी प्रेमराजभाऊंनी चुन्याने करून ठेवली होती. आबांनी ती बघितली.

"भाऊ, पाठ देखीसन कोन जेवस? आठे काय एस्टी शे का?"

"आबा, पण लोकांना सामना दिसला पाहिजे ना."

"जेवाले समोर मानूस पाहिजे," आबा म्हणाले आणि पायाने चुना पुसला.

पंगती समोरासमोर बसल्या. त्यामुळे निम्म्या प्रेक्षकांची पाठ मैदानाकडे आली. नवल बुटांच्या नाड्या बांधत होता. त्याने वडिलांना विचारले, "उरलेले निम्मे तरी बघतील ना हो, आबा?"

"बठ्ठा आपला आपला पानकडे देखतीन, बेटा. तू खेय."

त्या सामन्याला सहाशे लोक आले. पुढच्याला चौदाशे. त्यापुढच्याला दोंडाईच्याहून रेल्वेने माणसे आली आणि आकडा तीन हजारांवर गेला. 'जिल्ह्यात फुटबॉलची आवड सुप्त स्वरूपात होती, ती योग्य वातावरण मिळताच प्रकट झाली,' असे समितीच्या अहवालात नमूद आहे. वातावरण म्हणजे नेमके काय, याचा खुलासा अहवालात नाही. पण तो छापला त्या कागदाला लसणाचा वास आहे.

एवढी मोठी क्रीडाप्रेमी गर्दी म्हटल्यावर खेळात काही किरकोळ सुधारणा कराव्या लागल्या. पंच शिट्टी वाजवत, तेव्हा वाढायची वेळ झाली असे समजून वाढपी बादल्या घेऊन धावत. त्यामुळे शिट्टी शक्यतो वाजवू नये, हाताने खुणावावे, अशी विनंती करण्यात आली. दुसरी पंगत बसून उठेपर्यंत मध्यंतर वाढवण्यात आले. चुलवणाच्या बाजूने कॉर्नर मारण्यास बंदी आली, कारण एकदा चेंडू थेट बडगीत पडला होता. (तो धुऊन खेळात घेतला. त्या दिवशी धुळ्याकडच्या एका संघाने हेडर मारण्यास नकार दिला. इतिहासात हा प्रसंग तंत्राच्या उणिवेखाली नोंदला गेला आहे.)

दरम्यान नवलने चार गोल केले. लोकांनी टाळ्या वाजवल्या नाहीत, कारण हात खरकटे होते. हे त्याने समजून घेतले.

शेवटचा घरचा सामना धुळ्याच्या 'पांझरा स्पोर्टिंग'शी होता. क्लबची सरासरी हजाराच्या वर केव्हाच गेली होती. मैदान जळगावातच राहणार हे नक्की झाले होते. आता फक्त नवलचा एक गोल बाकी होता. मोहनलालजी सकाळीच येऊन उभे राहिले. ते स्वतः वांगे, कांदा, लसूण यांतले काहीच खात नाहीत. तरी ते यजमान होते. यजमानाने पंगतीकडे पाठ करायची नसते, म्हणून मैदानाकडे पाठ करून, हात जोडून ते पूर्ण सामनाभर उभे होते. "सावकाश होऊ द्या," असे ते प्रत्येकाला म्हणत होते. लाइनमनही त्यांच्या नजरेस पडला. पाहुणा उभा आहे आणि आपण त्याला जेवायला म्हणत नाही, हे मोहनलालजींना सहन झाले नाही. लाइनमनने दोनदा नको म्हटले. तिसऱ्यांदा नको म्हणणे हा आपल्याकडे अपमान असतो, म्हणून तो झेंडा मांडीखाली ठेवून बसला.

उत्तरार्धात एक गोष्ट घडली. त्या दिवशी आबांनी नेहमीची बामणोदची वांगी घेतली नव्हती, आसोद्याची घेतली होती. पहिल्या घासालाच पंगतीत कुजबूज झाली.

"हे बामणोदचं नाही," झुलाल नावाचे एक जाणते प्रेक्षक म्हणाले.

"तुम्हाला काय कळतं? गुमान खा," त्यांच्या पत्नी बेबाबाई म्हणाल्या.

"बी बघ ना, बी. बामणोदच्या वांग्याला एवढं बी असतं का?"

"लग्नात तरी माझ्याकडे एवढं निरखून बघितलं होतं का?"

पंगत हसली. वाद पसरला. आबांना तो चुलवणापाशी ऐकू गेला आणि त्यांनी तिरीमिरीत दोन पेंढ्या पऱ्हाट्या एकदम आगीवर टाकल्या. वारा तलावाकडून होता. धुराचा लोट सरळ मैदानात शिरला. त्या धुरात नवलने उजवीकडून आलेला चेंडू छातीवर घेतला, एका बचावपटूला बगल दिली आणि डाव्या पायाने गोलकीपरच्या वरून जाळीत मारला. त्याच वेळी पंगतीत आसोदा पक्षाचे बहुमत झाले. बी जास्त असले तरी चवीला गोडवा आहे, हे बामणोदवाल्यांनीही मान्य केले, आणि झुलाल यांनी तिसऱ्यांदा भरीत मागून घेऊन वादावर पडदा टाकला.

धूर विरला तेव्हा चेंडू जाळीत होता आणि नवल हात वर करून उभा होता. पंच डोळे चोळत आले. चेंडू जाळीत आहे हे त्यांनी मान्य केले. तो तिथे कसा गेला हे आपण पाहिलेले नाही, असे त्यांनी प्रामाणिकपणे सांगितले. लाइनमनला विचारले, तर त्याच्या तोंडात घास होता. गोल अनिर्णित ठेवण्यात आला.

गोल झाला आणि तो असा असा झाला, हे नवलने, त्याच्या दहा सहकाऱ्यांनी आणि धुळ्याच्या गोलकीपरनेही लेखी दिले. (वरची हकिगत त्या जबाबांतूनच घेतली आहे.) परंतु लीगच्या नियमानुसार खेळाडूंची साक्ष चालत नाही. खेळाडूचे लक्ष खेळात गुंतलेले असते, त्यामुळे तो तटस्थ धरता येत नाही. मोबाइलवरची चित्रफीत चालली असती. तीन हजार मोबाइल तपासले. वांगी भाजतानाच्या चित्रफिती उत्तम निघाल्या. एकीत पुरीच्या मागे 'गोऽल' असे ऐकू येते, पण तो आवाज नवलचाच आहे.

लीगने सवलत दिली. तीन हजारांपैकी एका प्रेक्षकाने जरी, गोल कोणत्या पायाने मारला एवढे सांगितले तरी गोल मंजूर होईल. तीन हजारांत एक, म्हणजे काम झालेच असे प्रेमराजभाऊ म्हणाले. नवलने पुण्याला कळवूनही टाकले.

साक्षीसाठी रविवार ठरला. फक्त एक शंका होती : नुसत्या साक्षीला लोक येतील का? प्रेमराजभाऊंनी अनुभवातून शिकून भरीत ठेवले. हंगामातली सर्वांत मोठी गर्दी त्या दिवशी झाली. आणि तिथेच चूक झाली. कारण एरवी कोर्टात, सोयरिकीत किंवा निवडणुकीत आमचा माणूस गरजेपुरते इकडेतिकडे बोलेल. पण पुढ्यात वाढलेले पान असताना खोटे बोलत नाही. अन्नावर बसून खोटे बोललेले अंगी लागत नाही, असे इकडे मानतात.

लीगचे अधिकारी पंगतीतून फिरू लागले. झुलाल यांच्यापुढे ते थांबले.

"गोल कोणत्या पायाने झाला?"

झुलाल यांनी नवलकडे बघितले, पानाकडे बघितले. "पोरगा चांगला आहे, साहेब. गोल केलाच असेल."

"पाय कोणता?"

"मी तेव्हा... पान पुढे आहे, साहेब. मला माहीत नाही."

बेबाबाईंनी नवऱ्याला कोपर मारले. "बोला ना, डावा नाहीतर उजवा! दोनच तर असतात."

"मग तू बोल."

बेबाबाईंनी पानाकडे बघितले आणि पुरी मोडली.

अशी ती पंगत संपली. मग दुसरी बसली आणि तीही तशीच संपली. मोहनलालजींच्या पुढ्यात पान नव्हते. त्यांना खोटे बोलायला मोकळीक होती. पण ते म्हणाले, "माझं तोंड पाहुण्यांकडे होतं, हे इथे सगळ्यांनी बघितलंय." ते खरोखर सगळ्यांनी बघितले होते. साक्ष मिळाली ती एवढीच.

शेवटी आबा चुलवणावरून उठून आले. हात धोतराला पुसले.

"साहेब, मन्हा पोऱ्या खोटं बोलस नही."

"तुम्ही बघितलं का, आबा?"

"मी धूर देखा," आबा म्हणाले. मग चुलवणाकडे बघून म्हणाले, "धूर मन्हाच व्हता."

नवल मैदानाच्या मधोमध चेंडूवर पाय ठेवून उभा होता. कोणीतरी त्याला हाक मारून म्हणाले, "ये रे भो, गरम आहे तोवर दोन घास खाऊन घे." तो आला आणि वडिलांच्या शेजारी बसला. त्या दिवशी तो मैदानाकडे पाठ करून जेवला.

लीग निर्दय नाही. तिने एक अखेरची सवलत दिली आहे. मैदानावर हजर नसलेली, पण या गोलाची हकिगत लक्ष देऊन ऐकलेली वा वाचलेली कोणतीही तटस्थ व्यक्ती चालेल. तिने फक्त पाय सांगायचा आहे. पुण्याच्या कारखान्याने येत्या शनिवारपर्यंत जागा राखून ठेवली आहे. तेव्हा आपणच सांगा. हकिगत वर दिली आहे. मागे जाऊन बघण्याची परवानगी नाही.

वांगी बामणोदची होती की आसोद्याची, हे लीगने विचारलेले नाही. ते आपल्याला आठवत असेलच.