पाय पाहणाऱ्या रामटेकेबाई

कुणाच्याही घरी गेल्या की रामटेकेबाई आधी दारातल्या चपला उलट्या करत. हाक नाही, कडी वाजवणं नाही. पायरीवर उकिडव्या बसून एकेका चपलेचा तळ निरखायच्या आणि तिथूनच घरात आवाज टाकायच्या, "हे डावी चप्पल कोणाची जी? गुडघा दुखते ना?"

उलटी चप्पल म्हणजे घरात भांडण, हे आमच्याकडे शेंबड्या पोरालाही ठाऊक. माझ्या बेगमेनं एकदा बाईंना तोंडावर सांगितलं, "बाई, तुमी येऊन गेल्या का आमच्याकडे झगडा होते." बाईंनी तिचीच चप्पल पुन्हा उचलली. "झगडा चपलेनं नाई होत. तुमची टाच दुखून राह्यली, म्हून तुमी शेखभाऊवर खेकसता." त्यावर झगडा झालाच, पण तो या दोघींचा. आठवड्यानं बाईंनी बेगमेच्या चपलेत जाड रबर चिकटवून दिलं आणि टाच दुखायची थांबली. माझ्यावरचं खेकसणं थांबलं नाही, पण त्याला बाई तरी काय करणार!

चंद्रपुरात एका धर्मादाय दवाखान्यात मी कंपाउंडर होतो आणि बाई फिजिओथेरपिस्ट. जुन्या परकोटाच्या भिंतीआत आमची एकच गल्ली. बाई चाळिशीच्या, एकट्या राहणाऱ्या. नागपूरला शिकून आलेल्या, पण 'फिजिओथेरपिस्ट' हा शब्द आमच्या लोकांच्या तोंडात मावेना, म्हणून गावानं त्यांना 'मालिशवाल्या बाई' करून टाकलं. त्याचा बाईंना भयंकर राग. "मालिश तुमची आजी करते. मी पाय चालता करते," असं त्या ठणकावून सांगत आणि सांगताना समोरच्याच्या पायाकडे बघत.

चेहरे त्यांच्या लक्षातच राहत नसत. बाजारात मी समोर उभा राहून हसतोय आणि बाई परक्यासारख्या बघतायत, असं कितीदा झालं. मग नजर खाली जायची आणि बाई एकदम फुलायच्या, "अरे, शेखभाऊ!" ओळखीतल्या एका मुलीच्या लग्नात नवरदेवाला नखशिखांत न बघता त्यांनी फक्त नखच बघितलं. पंचशील आटोपल्याबरोबर मोठ्यानं म्हणाल्या, "पोरगा चांगला हाये, पण सपाट पायाचा हाये." वरपक्षाचं तोंड पाहण्यासारखं झालं होतं.

पण या सगळ्या खुळामागे एक गोष्ट होती. जन्मतःच पावलं आत वळलेली लेकरं. अशा लेकराचं पाऊल दर खेपेला थोडं, अगदी थोडं सरळ करायचं असतं आणि तिथेच प्लास्टरमध्ये धरून ठेवायचं असतं. दर आठवड्याला प्लास्टर सोडायचं, पाऊल आणखी थोडं वळवायचं, पुन्हा बांधायचं. लवकर सुरू केलं तर पोरगं धावतं. उशीर केला तर आयुष्यभर पावलाच्या कडेवर चालतं.

प्लास्टर घालायचं काम आमच्या डॉ. देशकरांचं. गडचिरोली जिल्हा नुकताच वेगळा झाला होता आणि दवाखान्याची जीप तिथल्या आरमोरीला जायची ती महिन्यातून एकदा. महिन्यातून एकदा प्लास्टर म्हणजे धान पिकवायचं आणि पाणी एकदाच द्यायचं! तिथल्या बायांना दर आठवड्याला चंद्रपूरला येणं शक्य नव्हतं. धानाची रोवणी लागली की माय बांधीतल्या चिखलात आणि लेकरू झाडाखाली.

त्यात आज्यांचा वेगळाच ताप. इतके दिवस बिनाआंघोळीचं लेकरू ही कल्पनाच त्यांना सोसत नसे. शहरातले डॉक्टर येणार, तर लेकरू स्वच्छ नको का? म्हणून आदल्या दिवशी प्लास्टरसकट कढत पाण्यानं घसाघसा न्हाऊ घालायच्या. प्लास्टरचा होई चिखल आणि आजी मोठ्या अभिमानानं लेकरू पुढे करी. देशकर डोक्याला हात लावत. बाई मात्र आजीला पाटावर बसवून, पाय बाहेर ठेवून अर्धंच लेकरू कसं न्हाऊ घालायचं ते शिकवत.

एक दिवस बाई डॉक्टरांच्या खोलीत शिरल्या. मी तिथेच होतो.

"साहेब, आरमोरीचं प्लास्टर मी घालन. दर आठवड्याले, यष्टीनं जाऊन. तुमी नसले तरी."

देशकर हसले नाहीत, हे त्यांचं मोठेपण. म्हणाले, "शिका माझ्याबरोबर. मग बघू."

झालं! बाईंच्या हातून त्यानंतर काही सुटलं नाही. सुरुवातीला डॉक्टर त्यांच्या हातावर हात ठेवून पाऊल वळवायला शिकवत. घरी आल्यावर बाई गल्लीत शिकार शोधत. तान्ह्या पोळ्यानंतर पोरांच्या लाकडी बैलांचे मोडलेले पाय त्यांनी प्लास्टरात घातले. माझा उजवा पाय एका रविवारी दिवसभर प्लास्टरात होता, कारण बाईंना 'मोठ्या पायाचा अंदाज' घ्यायचा होता. एरवी दार उघडायचं ते लाथ मारल्यासारखं, बोलायचं ते भांडल्यासारखं, अशी ही बाई. पण पाऊल हातात आलं की आवाज खाली यायचा. "जोर नाई लावाचा. त्याले वाटलं पाह्यजे का ते आपल्याच मनानं वळून राह्यलं."

वर्ष उलटलं. बाईंनी पुन्हा विचारलं. देशकर म्हणाले, "प्लास्टर तुम्ही माझ्याइतकंच चांगलं घालता. तुम्हाला काय येतं ते मला दिसलं. कुठं थांबायचं हे तुम्हाला कळतं का, ते अजून दिसलं नाही."

बाई संतापल्या. जिन्यावर मला गाठून म्हणाल्या, "इथी लेकरं वाकड्या पायाची मोठी होऊन राह्यली आन् हे म्हंते थांबाचं दाखवा! मी काऊन थांबू?"

शेवटी ठरलं. पुढच्या आरमोरीच्या फेरीला सगळं बाईंनी करायचं. डॉक्टर बाहेर बसणार, एक शब्द बोलणार नाहीत. त्या दिवसावर बाईंचा आरमोरीचा दर आठवड्याचा दवाखाना ठरणार.

त्या दिवशी बाईंनी लेकरांच्या माया रांगेनं बसवल्या. लेकरू मायच्या अंगावर पीत असलं की पाय सैल सोडतं, म्हणून माया पाजतायत आणि बाई पावलं वळवतायत. एकेक प्लास्टर सुबक उतरत होतं. बोटं बाहेर, गुलाबी. देशकर चिंचेखाली चहा पीत होते आणि मान वळवून बघायचा मोह आवरत होते. मी मनातल्या मनात पेढे वाटून मोकळा झालो होतो.

मग यशोदा नावाची पोरसवदा माय पुढे आली. नदीपलीकडच्या गावाची, लेकरू पहिलंच. पावलं तशीच आत वळलेली. बाईंनी पट्टी भिजवली, पाऊल हातात घेतलं आणि नेहमीसारखी तळव्यावर बोटानं गुदगुली केली. लेकरू हललं नाही. बाईंनी पुन्हा केली. मग दुसऱ्या पायाला. मग लेकराला अलगद पालथं केलं. कमरेच्या वर, मणक्याच्या मधोमध एक खळगा होता आणि त्यावर केसांचा लहानसा झुपका.

बाईंनी भिजवलेली पट्टी तशीच घमेल्यात टाकली.

"मी नाई घालत याले प्लास्टर."

यशोदेचा चेहरा उतरला. "काऊन बाई? सगळ्याईले घातलं. माझ्याच लेकराले काऊन नाई?"

"माय, याच्या पाठीत दोष हाये. याले पायाचं समजत नाई. प्लास्टर आत टोचन, चिघळन, आन् हे रडनार नाई. तुले समजन तवा पाय गेलेला राहीन."

"मले चंद्रपूरले येणं नाई जमत बाई. रोवणी हाये. सासू जाऊ नाई देत. तुमीच घाला ना. तुमचा हात चांगला हाये म्हंते सारे."

खोलीत सगळ्या बाया बघत होत्या. बाईंचा हात क्षणभर पट्टीकडे गेला. मला वाटलं, आता घालतात. वर्षभराचा हट्ट पणाला लागला होता आणि एवढं एक पाऊल बांधलं असतं तर कुणी हटकणार नव्हतं. पण बाई उठल्या, पदराला हात पुसले आणि चिंचेखाली गेल्या.

"साहेब, हे लेकरू माझ्या हातचं नाई. तुमी पाहा." आणि वळता वळता म्हणाल्या, "दवाखाना नाई भेटला तरी चालते."

देशकर आत आले. लेकराला बराच वेळ तपासलं. मग म्हणाले, "चंद्रपूरला न्यावं लागेल, कदाचित नागपूरलाही. आणि बाई, पुढल्या आठवड्यापासून आरमोरी तुमची. मी बोलावलं तरच येईन."

बाईंचं लक्ष यशोदेकडे होतं. सासूकडे निरोप धाडला, तिच्यासोबत आलेल्या शेजारणीला यशोदेच्या बांधीचं बघायला सांगितलं आणि मायलेकराला जीपमध्ये बसवलं. "माझ्या घरी राहीन हे. मले तरी कोण हाये घरी!" हे वाक्य त्या सहज बोलून गेल्या, पण आमच्या गल्लीत इतक्या वर्षांत मी ते कधी ऐकलं नव्हतं.

वाटेत मूल गावाच्या अलीकडे यशोदा थकून झोपली. लेकरू बाईंच्या मांडीवर होतं. ती दोन्ही पावलं त्यांनी ओंजळीत धरून ठेवली होती, रस्त्याच्या धक्क्यांनी आपटू नयेत म्हणून. मी हळूच म्हणालो, "बाई, हात अवघडले असन. सोडा जरा. त्याले थोडीच समजते कोणी धरलं हाये म्हून."

बाई खिडकीबाहेर बघत होत्या. डोळे भरलेले होते आणि ते त्यांनी पुसले नाहीत, कारण हात मोकळे नव्हते.

"मले समजते ना, शेखभाऊ," त्या म्हणाल्या आणि चंद्रपूर येईपर्यंत त्यांनी ती पावलं सोडली नाहीत.