राजगुहेवरून गेलेली तार

एका जंगलात वीज होती. रोज सकाळी सहा ते दहा ती नसायची. का नसायची, ते विचारू नका. तिथेही कोणी विचारत नव्हते.

मुलांनो, नीट बसा. गोष्ट लहान आहे.

त्या जंगलात येसाबाई नावाची रानकोंबडी अकरा अंड्यांवर बसली होती. चौथ्या दिवशी रानमांजर आले. येसाबाईने अंडी वाचवली, पण तिचा पाय मोडला. मोडक्या पायाने अंड्यांवर बसता येत नाही. दिवस थंडीचे होते.

शेजारच्या बिळात धोंडबा साळिंदर राहत असे. शाळा त्याने बाहेरून पाहिली होती. हात मात्र चांगला होता. त्याने एका खोक्यात बल्ब लावला आणि अंडी आत ठेवली. बल्बच्या उबेने अंडी तगली. पण सकाळी सहाला वीज गेली की खोके गार.

"धोंडबादादा, रोजचे हे चार तास मी काय करू?"

"पंख पसरून बस खोक्यावर. तोवर मी इन्व्हर्टर बांधतो."

"तो काय असतो?"

"बॅटरीवर बल्ब पेटवतो. आता बोलू नकोस. हात हलतो माझा."

इन्व्हर्टर म्हणजे काय, ते मी एकदाच सांगणार. बॅटरीची वीज एकाच दिशेने जाते. बल्बला घरच्यासारखी वीज द्यायची, तर ती आळीपाळीने दोन बाजूंनी सोडावी लागते. त्यासाठी दोन मॉसफेट असतात. ते दारवान समजा. एकाने दार उघडले की दुसऱ्याने लावायचे. मॉसफेटच्या एका पायाला गेट म्हणतात. उघड किंवा लाव, हा हुकूम त्या पायावर येतो. हुकूम खणखणीत हवा. दार उघडायचे तर पुरते उघडायचे. अर्धवट उघडले तर वीज अंग घासत जाते आणि दारवान तापून मरतो.

कळले? नसेल तर पुढे कळेल.

हुकूम देणारे सर्किट धोंडबाने बांधले. मॉसफेट शेजारीच होते. काम तिथेच संपले असते. पण त्या जंगलात एक रीत होती. कोणताही हुकूम राजगुहेवरून आल्याशिवाय पाळायचा नाही. माकडाला फांदी सोडायची असली तरी आधी गुहेवर वर्दी जायची. वर्दी परत येईपर्यंत माकडे लोंबकळत राहायची.

कोल्हा प्रधान पाहणीला आला. त्याने खोक्याभोवती दोन फेऱ्या मारल्या.

"धोंडबा, हे दार कोणाच्या हुकमाने उघडतं?"

"या सर्किटच्या, प्रधानजी."

"म्हणजे तुझ्या?"

धोंडबाने पक्कड खाली ठेवली.

"जंगलात हुकूम एकाचाच चालतो. तार गुहेवरून ने."

"प्रधानजी, हा हुकूम सेकंदाला पन्नास वेळा जातो."

"मग महाराजांचा मान सेकंदाला पन्नास वेळा राहील."

तार निघाली. धोंडबाच्या बिळातून प्रधानाच्या ढोलीत, तिथून अस्वल कोतवालाकडे, तिथून सांबर दप्तरदाराकडे, मग राजगुहेला वळसा घालून परत बिळात. वाटेत प्रत्येकाने आपली खूण म्हणून तारेत एक रेझिस्टन्स घातला. रेझिस्टन्स म्हणजे विजेच्या वाटेतला अडसर. प्रधानाने दोन घातले. तो प्रधान होता.

धोंडबाने हे सगळे निमूट जोडले. रीत त्यालाही पटत होती. हे लक्षात ठेवा. दोष एकट्या प्रधानाचा नव्हता.

सकाळी सहाला वीज गेली. इन्व्हर्टर सुरू झाला. बल्ब पेटला. येसाबाईला रडू आले. पाव तासात जळका वास आला आणि बल्ब विझला.

दोन्ही मॉसफेट मेले होते.

धोंडबाने दुसरे लावले. तेही गेले. येसाबाई रोज एकेक अंडे दिव्यासमोर धरून पाही. आत काही हलले की खाली ठेवी. बाराव्या दिवशी एक अंडे तिने खूप वेळ धरून ठेवले. मग ते खोक्यात न ठेवता बाजूला ठेवले.

प्रधानाने सभा भरवली.

"मॉसफेट नालायक आहेत," कोतवाल म्हणाला. "मोठे आणा."

"त्यांना खाली जाड पत्रा लावा. गार राहतील," दप्तरदार म्हणाला.

"पंखा लावा," प्रधान म्हणाला. "आणि तारेत अजून एक रेझिस्टन्स घाला. देखरेख वाढली पाहिजे."

मोठे मॉसफेट आले. पत्रा आला. पंखा आला. पंखा मॉसफेटपेक्षा दोन दिवस जास्त टिकला.

पंधराव्या दिवशी दुसरे अंडे बाजूला गेले. येसाबाई लंगडत धोंडबाच्या दारात आली.

"दादा, तुला जमत नसेल तर सांग. मी मोडक्या पायाने बसते. मेले तर मेले."

धोंडबाचे काटे उभे राहिले. जमत नाही, हे त्याला आजवर कोणी म्हटले नव्हते.

"उद्या सकाळी ये," तो म्हणाला.

त्याने एक छोटा स्पीकर घेतला. आधी सर्किटच्या तोंडाशी लावला. आवाज आला, टर्रर्र. कडक. मग तोच स्पीकर तारेच्या दुसऱ्या टोकाला, गेटपाशी लावला. आवाज आला, मूंऽऽ.

"हा हुकूम आहे की जांभई?" धोंडबा स्वतःशीच म्हणाला.

निघताना हुकूम धडधाकट होता. दारवानापाशी पोचेपर्यंत तो चार ठिकाणी बसून, टेकून आला होता. दारवान बिचारे अर्धे दार धरून उभे राहत आणि जळून मरत. कधी एकाचे लागायच्या आत दुसऱ्याचे उघडे. मग दोघेही एकदम जात.

धोंडबाने सर्किटपासून गेटपर्यंत नवी तार टाकली. वीतभर. प्रत्येक गेटच्या अगदी जवळ दोन-दोन छोटे ट्रान्झिस्टर बसवले. एक गेटला झटक्यात ढकली, दुसरा झटक्यात मागे ओढी. शिवाय एकाचे दार पुरते लागल्यावर दुसऱ्याने क्षणभर थांबूनच उघडायचे, अशी सोय केली.

स्पीकर लावला. टर्रर्र.

मग त्याने गुहेवरची लांब तार पाहिली. ती कापली तर प्रधान त्याला कापणार. त्याने ती कापली नाही. तिचे टोक गेटवरून सोडवले, त्याला एक छोटा लाल दिवा जोडला आणि खोक्यावर दिसेल असा बसवला.

सकाळी वीज गेली. बल्ब दहा वाजेपर्यंत पेटत राहिला. धोंडबाने मॉसफेटवर नाक टेकवले. गार होते.

"दादा, काय केलंस?" येसाबाईने विचारले.

"काम केलं. तू अंडी बघ."

एकविसाव्या दिवशी अंडी फुटली. अकरातली नऊ. खुद्द सिंह महाराज पाहायला आले. प्रधान पुढे होता. पिल्लांकडे तो जरा जास्तच वेळ पाहत राहिला. येसाबाई मोडक्या पायावर उभी राहून मध्ये आली.

"हा लाल दिवा कसला?" महाराजांनी विचारले.

"आपला हुकूम पोचला, की तो पेटतो, महाराज," धोंडबा म्हणाला. हे खोटे नव्हते.

"आधी जळत होतं म्हणे. आता कसं चालतं?"

प्रधान पुढे झाला. "महाराज, मी तारेत जादा रेझिस्टन्स घातला. देखरेखीने फरक पडतो."

येसाबाईने चोच उघडली. धोंडबाने एक काटा तिच्या पंखाला लावला.

"बाई, पिल्लं मोज."

"मोजली की! नऊ आहेत!"

"पुन्हा मोज."

महाराज खूश झाले. "उत्तम. तार अजून वाढवा. नदीपलीकडच्या मगर सुभेदारालाही मान मिळू दे. काय धोंडबा, चालेल ना?"

"कितीही वाढवा, महाराज," धोंडबा म्हणाला.

तात्पर्य: थोरांची आज्ञा नेहमी पाळावी. त्यासाठी एक लाल दिवा वेगळा ठेवावा.