उघडा नळ आणि शांत चेहरा

"काही सुचलं नाही किंवा अस्वस्थ वाटलं, तर माझ्या चेहऱ्याकडे बघायचं," असं स्वप्नालीनं ज्योतीरामला पहिल्याच दिवशी सांगून ठेवलं होतं. नंतर जे काही झालं ते ज्योतीरामनं हे ऐकलं म्हणून झालं. एरवी समुपदेशकाचं कुणी इतकं मनापासून ऐकत नाही.

पिंपळे सौदागरला एका औषधाच्या दुकानावर स्वप्नालीचं केंद्र होतं. वाळूपेटी उपचाराची दोन दिवसांची कार्यशाळा करून ती नुकतीच परतली होती. निळ्या तळाची लाकडी पेटी, तीत बारीक वाळू आणि शेजारच्या फळीवर छोटी छोटी माणसं, घरं, झाडं, जनावरं. समोरच्यानं न बोलता वाळूत हवं ते मांडायचं. थेरपिस्टनं अर्थ सांगायचा नाही, मध्ये हात घालायचा नाही, नुसतं असायचं. माणसाच्या मेंदूत बदामाएवढा एक तुकडा सारखा धोका हुंगत असतो, आणि जवळचं माणूस खरोखर शांत असलं की त्याचा चेहरा, त्याचा श्वास बघून तो तुकडाही निवतो, असं तिथल्या बाईंनी पडद्यावर रंगीत मेंदू दाखवून सांगितलं. स्वप्नालीला हे इतकं पटलं की आल्या आल्या तिनं ते नवऱ्याला सांगितलं, भाजीवाल्याला सांगितलं आणि सोसायटीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवरही सांगितलं. ग्रुपवर सांगायला नको होतं.

ज्योतीराम मूळचा उदगीरकडचा, महाळुंग्यातल्या एका कंपनीत लाइनवर सुपरवायझर. एके दिवशी शिफ्टमध्ये त्यानं हेल्मेट काढून भिंतीवर फेकलं. लागलं कुणालाच नाही, पण कंपनीनं त्याला स्वप्नालीकडे पाठवून दिलं. खरं दुखणं वेगळंच होतं. भांडणाच्या भरात तो बायकोला, रुपालीला, "जायचं तर जा" म्हणाला होता आणि ती मुलीला घेऊन खरोखरच माहेरी गेली होती. "ये" एवढंच म्हणायचं होतं, पण महिना झाला तरी ते त्याच्या तोंडातून निघेना. रोज फोनवर तिच्या नावापर्यंत बोट जाई आणि परत येई. त्यात मेव्हण्याचा निरोप आला होता की येत्या सोमवारी पोरीचं नाव तिकडच्याच शाळेत घालतोय. एकदा शाळा बदलली की मायलेकी तिकडच्याच झाल्या, हे ज्योतीरामला पक्कं कळत होतं.

त्या शुक्रवारी तो आला आणि मुकाट्यानं पेटीसमोर बसला. एका कोपऱ्यात त्यानं घर ठेवलं, घरासमोर एक पुरुष. पार पलीकडच्या कोपऱ्यात एक बाई आणि तिला खेटून एक पोरगी. मग मधली वाळू त्यानं तळव्यानं बाजूला सारली. खालचा निळा रंग उघडा पडला.

"हे पाणी," ज्योतीराम म्हणाला.

आणि स्वप्नालीला आठवलं, की आपला नळ उघडाच राहिलाय.

दुपारी ती मेथी निवडत होती. भाजी धुवायला तिनं बेसिनचा नळ सोडला तर नळाला पाणी नाही. सोसायटीत पाणी पाच वाजता सोडतात. 'असू दे, आल्यावर बघू' म्हणून ती तशीच केंद्रावर निघून आली. नळ पूर्ण उघडा, बेसिनच्या जाळीवर मेथीचे देठ, आणि घरात कुणी नाही. नवरा चाकणला कंपनीत, तो आठच्या आत येत नाही.

खरं तर एका फोनचं काम होतं. घराची एक किल्ली खालच्या मजल्यावर शालनकाकूंकडे असायची. ज्यांच्या शेतावर ही सोसायटी उभी राहिली त्या घरातल्या या काकू, जमिनीच्या बदल्यात बिल्डरकडून मिळालेल्या फ्लॅटमध्ये राहणाऱ्या. पण त्यांच्याशी स्वप्नालीचं बोलणं बंद होतं. तिच्या कुंड्यांचं पाणी काकूंच्या वाळत घातलेल्या कुरडयांवर ठिबकलं, काकूंनी ग्रुपवर जरा चढ्या सुरात तक्रार केली, तेव्हा स्वप्नालीनं सगळ्यांदेखत उत्तर लिहिलं होतं, "काकू, तुम्ही आत्ता विचार करून बोलत नाही आहात. तुमच्या मेंदूतला धोक्याचा भाग बोलतोय." त्यावर चौघांनी पसंतीचे अंगठे टाकले होते. काकूंनी पुन्हा एक अक्षरही लिहिलं नाही. किल्ली त्यांच्याकडेच राहिली, कारण ती परत मागायची तर बोलावं लागलं असतं.

स्वप्नालीनं चेहरा शांत केला. म्हणजे, आपण तो शांत केला असं तिला वाटलं.

ज्योतीरामनं मान वर केली आणि सांगितल्याप्रमाणे तिच्या चेहऱ्याकडे बघितलं. मशीनवरचा काटा बघावा तसं बघितलं. नेमकं भिंतीवरचं घड्याळ पेटीच्या त्या दूरच्या कोपऱ्याच्या वर होतं, आणि स्वप्नालीचे डोळे दर मिनिटाला तिकडे धावत होते.

"मॅडम, काय झालं?"

"काही नाही. तुम्हाला काय वाटतंय?"

"मला वाटायलंय, तुम्ही घाबरलाव."

"घाबरल्यासारखं वाटतंय तुम्हाला," कार्यशाळेत शिकवल्याबरहुकूम तिनं त्याचंच वाक्य त्याला परत दिलं.

"मला न्हाई. तुम्हाला. तुम्ही बाईकडं बघून घाबरायलाव."

त्यानं बाईला पाण्यापासून बोटभर मागं सरकवलं आणि परत तिच्या चेहऱ्याचा काटा बघितला. काटा होता तिथंच. मग त्यानं पोरीलाही मागं घेतलं. तेवढ्यात पाच वाजले आणि केंद्राच्याच भिंतीतल्या पाइपमधून पाणी खळखळत वर चढलं. या भागात सगळीकडे एकाच वेळी पाणी सुटतं.

"अगं आई गं!" स्वप्नाली म्हणाली.

ज्योतीराम उठून उभा राहिला. त्याच्या कपाळावर घाम होता आणि श्वास तिच्याच श्वासाच्या लयीत वर-खाली होत होता. पडद्यावरचा रंगीत मेंदू खोटं सांगत नव्हता. जवळच्या माणसाचं सगळं झिरपतं, आणि आत्ता भीती झिरपत होती.

"मॅडम, खरं सांगा. रुपालीला काय झालंय?"

'भाऊ, माझ्या घरचा नळ उघडा राहिलाय,' एवढंच सांगायचं होतं. पण आपण तासभर नुसतं असण्याचा धंदा करतो आणि त्यातला अर्धा तास मेथीच्या देठांपाशी होतो, हे कुठल्या तोंडानं सांगणार? स्वप्नाली म्हणाली, "जे वाटतंय ते वाटू द्या. शरीराला कळत असतं."

ज्योतीरामच्या शरीराला लगेच कळलं. त्यानं खिशातून फोन काढला. महिनाभर ज्या नावापाशी बोट अडत होतं ते त्यानं असं दाबलं की काच फुटायची. शिफ्टमधल्या गोंगाटात ऐकू यावं म्हणून त्याच्या फोनचा स्पीकर कायम चालूच असे.

"हॅलो? रुपाली? पाण्याजवळ जाऊ नको!"

"कोन?"

"मी बोलायलोय, मी!"

"दिवसाढवळ्या पिलाव का?"

"न्हाई ग. मॅडमजवळ बसलोय. पोरगी कुठाय? विहिरीकडं गेली का?"

"विहिरीत पानीच न्हाई, तर कशाला जाईल? हितं बसली की, पाढे म्हनायली."

"नीट बघ तिच्याकडं!"

"बघितलं. चांगली हाय. तुमालाच काय झालंय?"

"काय न्हाई." ज्योतीरामचा आवाज चिरकला. "तू नीट हाईस ना? तेवढं सांग. मला वाटलं, तू... तुला काय झालं असतं तर मी काय केलं असतं, रुपाली?"

एवढं बोलून तो गडी ढसाढसा रडायला लागला. हेल्मेट फेकणारा, चाळीस माणसांची लाइन चालवणारा माणूस, हातात फोन आणि पायाशी सांडलेली वाळू. "मी येतो. आजच्या गाडीनं येतो. तू फक्त चल."

पलीकडून आवाज आला. "एवढं बोलायला महिना लागला व्हय तुमाला? या. उद्या जेवायला थांबते."

उपचाराच्या धंद्यात असा क्षण वर्षातून एखादा येतो. तो आला तेव्हा स्वप्नाली खुर्चीच्या कडेवर बसून, पाणी हॉलमधल्या सोफ्यापर्यंत पोचलं असेल का याचा हिशोब करत होती. ज्योतीराम तिच्या पाया पडला. "मॅडम, तुमच्या डोळ्यात मला सगळं दिसलं," म्हणाला आणि जिना उतरून गेला. स्वप्नालीला जमिनीत गाडून घ्यावंसं वाटलं, पण त्यालाही वेळ नव्हता. ती चपला हातात घेऊन घराकडे पळत सुटली.

दार उघडलं तर घर कोरडं होतं. कोरडं म्हणजे नुकतंच पुसलेलं. नळ बंद, बेसिन लख्ख. मेथी धुऊन चाळणीत निथळत ठेवलेली, आणि बाल्कनीत तीन-चार फडकी पिळून वाळत घातलेली. तिची नव्हेत, शालनकाकूंची फडकी. ग्रुपवर तिनं लगेच बघितलं. तिथं फक्त हरवलेल्या मांजराचा फोटो होता.

काकूंनी तिथं चार शब्द सुनावले असते तर स्वप्नालीला बरं वाटलं असतं. उत्तर तयार होतं तिच्याकडे. या न बोलण्यावर तिच्याकडे काहीच नव्हतं. तिनं फडकी घडी करून ठेवली, ती द्यायला दोनदा दारापर्यंत गेली आणि दोन्हीदा परत आली. पुढचा आठवडाभर ती काकूंच्या दारावरून जायला नको म्हणून मागच्या जिन्यानं ये-जा करत होती. दिवसभर लोकांना 'मनातलं बोला' सांगायचं आणि संध्याकाळी कचऱ्याच्या डब्यांमधून वाट काढत घरी यायचं.

पुढच्या शुक्रवारी ज्योतीराम आला तो रुपालीला घेऊनच. पोरीला शेजारी सोडलं होतं. रुपालीनं पिशवीतून शेंगदाण्याच्या चटणीचा डबा काढून टेबलावर ठेवला.

"ताई, हे सांगतात, तुमच्या तोंडावर माजी काळजी बघितली, म्हनून फोन केला. सख्खी भैनबी येवढी काळजी करत न्हाई."

स्वप्नालीनं डब्याकडे बघितलं. तो घेणं शक्य नव्हतं आणि न घेणंही शक्य नव्हतं.

"ती तुमची काळजी नव्हती," ती खाली बघत म्हणाली. "माझ्या घरचा नळ उघडा राहिला होता."

"नळ?" ज्योतीराम म्हणाला.

"नळ."

"म्हंजे मी नळासाठी रडलो?"

रुपाली आधी ओठ दाबून हसली, मग पदर तोंडाला लावून, आणि शेवटी उघडच. "तुमी माज्यासाठीच रडलाव हो. नळासाठी ताई घाबरल्या," ती नवऱ्याला म्हणाली. मग तिनं स्वप्नालीकडे मोर्चा वळवला. "पर ताई, घरी कुनाला फोन करायचा की तवाच."

"किल्ली खालच्या काकूंकडे होती."

"मग?"

"आमचं बोलणं नाही."

"मग पानी कुनी बंद केलं?"

"त्यांनीच," स्वप्नाली म्हणाली. "फरशीसुद्धा पुसली."

"आन तुमी काय म्हनलाव त्यास्नी?"

कसलीही थेरपी येत नसलेल्या त्या बाईसमोर स्वप्नाली इतकी गप्प राहिली की ज्योतीरामला तिची दया आली.

"कशावरून बिनसलं हो?" त्यानं हळूच विचारलं.

"कुरडयांवरून."

रुपाली उठली, चटणीचा डबा तिनं परत पिशवीत टाकला. "हा त्या काकूंचा हाय. चला, उठा. आमी येतो संगं."

नको नको म्हणेपर्यंत स्वप्नाली सोसायटीच्या जिन्यात होती, पुढच्या जिन्यात, दोघांच्या मधोमध. बेल रुपालीनंच वाजवली. शालनकाकूंनी दार उघडलं. त्यांच्या मागं स्वयंपाकघराच्या छताला ओलीचा परातीएवढा डाग दिसत होता. काकूंनी स्वप्नालीकडे बघितलं, मग या अनोळखी जोडप्याकडे.

"ही कोन मानसं हायती?"

स्वप्नालीनं तोंड उघडलं आणि ते तसंच राहिलं. आपल्याकडे उपचाराला कोण येतं हे मेलं तरी सांगायचं नसतं. धंद्यातला हा एकच नियम तिनं अजून मोडला नव्हता. नातेवाईक म्हणावं तर खोटं, ओळखीचे म्हणावं तर पुढचा प्रश्न. ज्योतीरामनं तिच्या चेहऱ्याकडे बघितलं. त्या चेहऱ्यावरचं वाचायची त्याला आता सवय झाली होती.

"ह्या आमच्याकडं येतात," तो गंभीरपणे म्हणाला.

"तुमच्याकडं? कशाला?"

"त्यांना खरं बोलायच्या टायमाला बोलता येत न्हाई. बाकी सगळं येतं. पहिल्यांदाच बाहेर काढलंय, म्हणून सोबत आलोय."

शालनकाकूंचा चेहरा बघता बघता बदलला. त्यांनी स्वप्नालीला आपादमस्तक न्याहाळलं आणि तिचा हात धरला.

"आगं माजी बाय! व्हय का गं हे?"

एकीकडे धंद्याचा नियम होता आणि दुसरीकडे, नीट विचार केला तर, यात खोटंही काही नव्हतं. स्वप्नालीनं मान खाली घातली. "हो काकू."

"तरीच! ग्रुपवर ते मेंदूचं लिवलंस, तवाच मी घरात म्हनलं, पोरगी बरी दिसत न्हाई. ये, आत ये. तुमीबी या वो."

"काकू, माझं चुकलं," स्वप्नाली कशीबशी म्हणाली. "कुरडयांचं, ग्रुपवरचं, नळाचं, सगळंच. मला माफ करा." आणि इतक्या दिवसांचं साठलेलं तिच्या डोळ्यांतून वाहायला लागलं. इतकी मनापासून माफी तिनं आयुष्यात मागितली नव्हती.

काकूंनी काळजीनं ज्योतीरामकडे बघितलं.

"हे असं मधनंच रडू येनं," त्यांनी आवाज खाली आणून विचारलं, "ह्येबी त्यातच येतं का वो?"

"त्यातच," ज्योतीराम म्हणाला.