अम्मान ते अकाबा, पाऊण तास

"विमानाने पाऊण तास, बसने चार. यात विचार करण्यासारखं आहे काय?" अबू रकाननी विचारलं.

त्यांच्या एकुलत्या एका मुलासाठी, रकानसाठी, अकाब्याला मागणी घालायला जायचं होतं. भाऊबंदांनी सकाळची बस ठरवली होती.

"तुम्ही जा हाडं खिळखिळी करत. मी मागून निघेन आणि तुमच्या आधी दारात उभा असेन."

"विमानतळावर ताटकळायचं कुठं धरलंस?" चुलतभाऊ अबू सायेल म्हणाले. या दोघांचं लहानपणापासून कधी पटलं नव्हतं.

"ते तू बसच्या खिडकीत बसून धर."

दुपारी बस पोचली. विमानही पोचलं, पण वरच्या वर. अकाब्यावर धुळीचं वादळ उठलं होतं. दोन-चार घिरट्या घालून विमान पुन्हा अम्मानच्या दिशेने वळलं. अबू रकानचा फोन बंदच होता.

मुलीचे वडील अबू ऐहम आधीच नाखूश होते. लेक एवढ्या लांब द्यायची त्यांची इच्छा नव्हती. नकाराला एखादं कारण मिळतंय का, तेच ते बघत होते. पाहुण्यांपुढे कॉफी आली. होकार मिळेपर्यंत ती प्यायची नसते, आणि मागणी घालायची ती वडिलांनी. कॉफी निवू लागली.

"तुझे वडील दिसत नाहीत," अबू ऐहमनी रकानला विचारलं.

रकानला चारचौघांत बोलायची सवय नव्हती. त्याने खिडकीतून पिवळ्या आभाळाकडे पाहिलं. "बाबा... वर आहेत, काका."

"अरेरे. कधी?"

"आज सकाळीच गेले."

"आणि तरी तुम्ही आलात?"

"तेच म्हणाले, तुम्ही पुढे व्हा."

अबू ऐहमच्या डोळ्यांत पाणी आलं. "मुलगी तुझी," ते म्हणाले आणि त्यांनी कुराणातला फातिहा म्हणायला हात उचलले. सगळ्यांनीच उचलले. पाहुण्यांना वाटलं, सोयरीक जुळल्याचा. यजमानांना वाटलं, गेलेल्याचा.

मग यजमान एकेक करून अबू सायेलना मिठी मारू लागले. "धीर धरा," तिसरा म्हणाला, तेव्हा त्यांच्या डोक्यात प्रकाश पडला. पण आता खरं सांगावं, तर जुळलेलं लग्न मोडणार.

"माणूस कसा होता हो?" अबू ऐहमनी विचारलं.

"लाखात एक," अबू सायेलना म्हणावं लागलं.

संध्याकाळी धूळ बसली आणि अबू रकान दुसऱ्या विमानाने एकदाचे येऊन पोचले. अंगणात खुर्च्या मांडल्या होत्या, माणसं खाली मान घालून बसली होती. लग्नघराची ही कळा बघून ते थबकले. दाराशी कॉफी देणाऱ्याला त्यांनी हळूच विचारलं, "कोण गेलं?"

"नवऱ्या मुलाचे वडील. देवमाणूस होते म्हणतात. त्यांचे चुलतभाऊच सांगताहेत आत."

आतून अबू सायेलचा भरून आलेला आवाज येत होता. आपणच आयुष्यभर त्याच्याशी कसे वाकड्यात वागलो, चुकूनसुद्धा एक चांगला शब्द कसा बोललो नाही, हे ते सांगत होते. ते नाटक होतं की खरं, हे आता त्यांनाही सांगता आलं नसतं.

अबू रकाननी उंबऱ्याच्या आत टाकलेलं पाऊल मागे घेतलं. दाराआडची खुर्ची अलगद ओढून ते बसले.

"कॉफी घ्या," तो माणूस म्हणाला.

"थांबा हो," अबू रकान पुटपुटले. "जरा ऐकू द्या."