बिनकूलरची बैठक

“कूलर विकायला बाबांना माझ्या मागणीचाच आठवडा सापडला?” चहाचे पेले पुसता पुसता माहरू आईच्या कानाशी कुरकुरली. “आणि येणारे लोक कोण? तर कूलरचे दुकानदार!”

“हळू बोल! अजून आलेत कुठे ते!” तूबानं डोक्यावरच्या रुमालाच्या टोकानं मान पुसली. रुमाल पिळला असता तर कुंडीतल्या पुदिन्याला पुरलं असतं.

हे सगळं इस्फंदियार मास्तरांनी ओढवून घेतलेलं. तीस वर्षं भूगोल शिकवून निवृत्त झालेल्या माणसाला घरात एक तरी नदी वळवल्याशिवाय चैन पडत नाही. त्यांनी वारा वळवायला घेतला!

“आजोबांना अक्कल होती, तूबा! हातभर जाडीच्या मातीच्या भिंती, बैठकीत हौद, माथ्यावर वारा पकडणारा मनोरा, बादगीर. वारा मनोऱ्यातून आपल्या पायांनी उतरतो, हौदावरून गार होतो आणि अंगावर पसरतो. विजेचं बिल शून्य!”

मग ते छपरावर चढले. बादगीरची विटांनी बुजवलेली तोंडं मोकळी केली, कबुतरांच्या चार पिढ्यांना घराबाहेर काढलं, खाली बैठकीच्या छताला अक्रोडाची नक्षीदार जाळी ठोकली आणि त्याच दिवशी कूलर भंगारवाल्याच्या गाडीवर चढवला. वाळवंटातल्या यज्दमध्ये! भर उन्हाळ्यात!

“गार वाटतंय ना गं?” पहिल्या दिवशी जाळीखाली उभं राहून त्यांनी विचारलं. चेहरा असा, की परीक्षेचा निकाल लागायचाय. तूबाला तंदूरच्या भिंतीला चिकटवलेल्या रोटीसारखं वाटत होतं. पण त्या चेहऱ्याकडे बघून ती म्हणाली, “हो तर! छानच.”

दुसऱ्या दिवसापासून मास्तर बिनबाह्यांचा स्वेटर घालून बसायला लागले. तूबा चक्रावली. शेजारी बसलेला माणूस स्वेटर घालतो आणि आपण थबथबतोय? मग तिला थोरल्या बहिणीचे शब्द आठवले, ‘पन्नाशीनंतर अंगातून नुसत्या वाफा निघतात बघ.’ तूबाला एक्कावन्नावं चालू होतं. हवा गारच आहे, आपलंच वय पेटलंय, अशी तिनं मनाची समजूत घातली आणि रुमालात बर्फ ठेवायला लागली.

पाच वाजता पाहुणे आले. नुसरत आगा, त्यांची बायको फख्रीखानम आणि नवरा मुलगा सियामक. मागणी घालायला आलेले लोक मुद्द्याचं लगेच बोलत नाहीत. आधी हवापाणी, मग रस्ते, मग महागाई आणि मग मुलगी. हवापाण्याला पाच मिनिटं पुरतात.

“वा! काय गारवा आहे!” कपाळ पुसत नुसरत आगा म्हणाले. यजमानाच्या घराला नावं ठेवायची नसतात, त्यातून स्वतः कूलर विकणाऱ्यानं तर नाहीच नाही!

मास्तर फुलले. “मनापासून म्हणताय?”

“मनापासून? अहो, थंडी वाजतेय!”

हे एक वाक्य नडलं!

“तूबा! पाहुण्यांना शाल आण!”

“छे छे, तसदी कशाला?”

“माझ्या गळ्याची शपथ!”

“तुमच्या जिवाची शपथ, नको!”

तीनदा ‘नको’ झालं, चौथ्यांदा ‘हो’ म्हणणं भाग पडलं. नुसरत आगा शालीत गुरफटले. नवऱ्याला शाल दिली आणि बायकोला नाही, हे बरं दिसेना म्हणून फख्रीखानमनाही शाल. थंडीत बरी म्हणून मास्तरांनी उकळती शूली मागवली. सियामक बिचारा पालकाच्या त्या सुपात टपटप घाम गाळत बसला.

“शूलीत मीठ कमी नाही ना?” तूबानं विचारलं.

“आता बरोबर झालंय,” तो म्हणाला.

दीड तास झाला तरी गाडी हवेवरच! नुसरत आगांनी घसा खाकरून “तर आम्ही आज...” म्हटलं, की मास्तर म्हणायचे, “बादगीरबद्दलच विचारताय ना?” माहरू चौथ्यांदा चहा घेऊन आली तेव्हा तिचे डोळे भरले होते. दिवेलागणीला पाहुणे उठले असते, आणि न विचारता उठले म्हणजे नकारच!

“सियामक काकडलाय बघ!” मास्तर म्हणाले. “ती निळी रजई आण!”

तूबा कोठीघरात गेली. पेटीत लाल रजई होती, पिवळी होती. निळी? निळी कुठे गेली? आणि एकदम तिचा हात कपाळावर गेला. विटांच्या फटींतून गालिच्यावर धूळ पडते म्हणून गेल्या शरदात तिनंच... कोठीच्या भिंतीत एक झडप होती, सासूबाई त्यातून बादगीरच्या घशात कलिंगडं गार करायला टांगायच्या. त्या झडपेतून तिनं रजई कोंबली होती!

म्हणजे वारा इंचभरसुद्धा खाली उतरत नव्हता. मग हे सगळे कशानं कुडकुडतायत?

एवढ्यात फख्रीखानम आत घुसल्या आणि त्यांनी शाल भिरकावली. “तूबाखानम, पाणी द्या हो! तुम्हा सगळ्यांना थंडी वाजते आणि मी एकटीच पेटलेय. काय करू, बावन्न वय माझं!”

“माझं एक्कावन्न,” तूबा म्हणाली.

दोघी एकमेकींकडे बघत राहिल्या. तूबानं गुपचूप झडप उघडून निळं टोक दाखवलं. फख्रीखानम तांदळाच्या पोत्यावर बसून इतक्या हसल्या, की पोतं उसवलं.

“ओढा!”

“ओढतेय! हलत नाही!”

“मग ढकला!”

धप्प!

बैठकीत अक्रोडाची जाळी, निळी रजई आणि पसाभर पिसं मास्तरांच्या डोक्यावर कोसळली. त्यामागून वारा उतरला. हौदाचं पाणी शहारलं, सुपाच्या वाडग्याशेजारचा रुमाल उडाला. जिवाला थंड करणारा, खराखुरा वारा!

आणि आली पंचाईत! ‘आता गार झालं’ म्हणायचं, तर दीड तास काय होतं? नुसरत आगा छत बघत होते, सियामक वाडगा.

मास्तर रजईतून बाहेर आले. भुवईत एक पीस. त्यांनी रजईकडे बघितलं, दारातल्या तूबाकडे बघितलं आणि हळूच स्वेटर काढला.

“सहा दिवस मरणाचं उकडत होतं हो मला!”

“मग स्वेटर कशाला घालत होतात?” तूबा किंचाळली.

“तू गार म्हणालीस ना! मला वाटलं, मलाच ताप भरलाय. तो घामानं उतरवत होतो.”

नुसरत आगांनी शाल फेकली, कोट फेकला आणि छाती भरून श्वास घेतला.

“सुटलो! हवेचं बोलून झालं एकदाचं. इस्फंदियार आगा, आम्हाला तुमची मुलगी द्या!”

आता रीतीप्रमाणे बापानं आठवडाभराची मुदत मागायची असते. मास्तरांनी त्यासाठी तोंड उघडलंसुद्धा, पण त्यांच्याआधी पडद्यामागून माहरूचा आवाज आला,

“दिली!”